ळ चा तास

ळ ला पुढचं दार नसतं, असं मी दर वर्षी सांगते.
शब्दात शिरतो तो मधल्या खोलीत,
नाहीतर थेट मागच्या पडवीत.
बाळ. केळं. शाळा.
आणि दिसतो कसा, तर कुणीतरी चष्मा काढून
खुंटीला अडकवून ठेवलाय, तसा.

दिवाळ्याची शाळा, दुसरी ब.
खिडकीबाहेर जेटी, ओहोटीनं उघडा पडलेला चिखल,
आणि साडेदहाला न विचारता आत येणारा
बोंबलांचा वास,
ज्याचं नाव हजेरीपटात नाही.

अर्धा वर्ग ळ म्हणतच नाही.
प्रणितच्या घरी डोला, शाला, कालोख.
चार पिढ्या त्यात नीट दिसत आलंय त्यांना,
मी कोण चूक म्हणणार.
गुलशनची जीभ वळते, पण वेळेवर थांबत नाही.
एकट्या शरणम्माला ळ येतो.
कलबुर्गीकडची. आईबाप पुलाच्या कामावर,
राहणं पत्र्याच्या वस्तीत.
तीन महिन्यांत माझ्याशी चार शब्द बोलली असेल,
पण ळ असा काढते
जणू खिशातून आवळा काढून दाखवतेय.

मी म्हटलं, ळ चा एक शब्द घ्या, त्याचं एक वाक्य.
तिनं लिहिलं:
कोळी अंडी घालते.

वाचून दाखवलं, आणि वर्ग फुटला.
प्रणित जनार्दन कोळी उभा राहिला, कान लाल.
"बाई, माजा बापूस काय अंडी घालतो?"
मागून कुणी म्हणालं, अरे तो नाही, जाळ्यातला,
आठ पायांचा, तो घालतो, तो बघा.
खरंच होता. पंख्याच्या वायरीपाशी,
आपल्यावर चर्चा चाललीय याची काही कल्पना नसलेला.

माझं लाल पेन तोवर 'घालते'वर पोचलं होतं.
लिंग चुकलंय, एवढंच मला दिसलं.
सोळा वर्षांची नोकरी, आणि एवढंच.

शरणम्मानं कोपरं दुमडली.
मान दोनदा पुढे काढली,
पायानं फरशी उकरली, दाणा नव्हता तरी,
आणि मग तो आवाज,
अंडं घातल्यावर स्वतःलाच नवल वाटल्यासारखा:
पक् पक् पक् पकाऽक!

"कोंबडी!" गुलशन ओरडला.
तिकडे कोंबडीला कोळी म्हणतात.
मी पेनाला टोपण लावलं.

त्या दिवशीची कविता पान एकवीसवर होती,
ढगाची, यमकं तयार. ती राहिली.
मुलं सांगत गेली, मी फळ्यावर लिहीत गेले:

कोळी गेला होडीत
कोळी बसला भिंतीत
कोळी बसली पाटीत

एक म्हणतो मासा दे
एक म्हणतो माशी दे
एक म्हणते दाणे दे

इथे भांडण झालं.
प्रणितचं म्हणणं, बापूस घरी आलाच पाहिजे,
त्याशिवाय संपवायचं नाही.
वारा असला तर?
तरी आला पाहिजे.
मग बोटांवर बराच हिशोब झाला,
कुणी कोळ्याचे पाय सहाच धरले, ते खोडले,
आणि शेवट ठरला:

संध्याकाळी तिघं घरी
दारात चपला बारा

सर दारातून डोकावले, म्हणाले, हा कोणता घटक?
मी म्हटलं, ळ.
ते फळा वाचत थोडा वेळ उभे राहिले
आणि पुटपुटत गेले. बहुतेक चपला मोजत.

दुसऱ्या दिवशी तिच्या वहीत:
रात्री आमच्या पत्र्यावर मळे आली.
मळे म्हणजे शेतं. पुल्लिंग, अनेकवचन.
'आले' हवं, आणि पत्र्यावर तर नकोच.
पेन उघडं होतं हातात.

"मळे म्हणजे काय गं?"

ती माझ्याकडे बघत राहिली,
एवढ्या मोठ्या बाईला हेही येत नाही.
मग बाकावर एक बोट वाजवलं.
मग दोन. मग दहाही.
शेजारच्या बाकावर प्रणितनं धरलं,
मग खिडकीकडची रांग,
मग सगळी दुसरी ब.