मेण वाळेपर्यंत

मिरजेहून डोळ्याचं ऑपरेशन करून आई घरी आली.
पट्टी निघाली त्या दिवशी
फाटकाशीच थबकली:
"ही कुणाची गाडी लावलीयस आपल्या दारात?"

आपलीच होती. एट हंड्रेड, त्र्याण्णवची,
कागदोपत्री लाल.
मोतीबिंदू आणि ऊन
दोघंही इतक्या सावकाश आले
की आईच्या डोळ्यांत ती लालच राहिली
आणि दारात
पिकल्या पेरूच्या आतल्या रंगाची होत गेली.

रविवारी, ऊन पत्र्यावर चढायच्या आत,
दोन बादल्या काढल्या.
"बोअरचं नको, क्षाराचे ठिपके पडतात."
नळाचं भरून ठेवलेलं घेतलं.
एकीत शाम्पू, दुसरीत नुसतं पाणी,
टपापासून खाली.
पहिलं पाणी पिवळं निघालं:
मार्केट यार्डातली हळद,
सोळा वर्षं त्याच रस्त्यानं शिकवणी.

शाम्पूनं जात नाही ते बोटांना कळतं.
हातात प्लास्टिकची पिशवी चढवून बॉनेटवर फिरवली,
बारीक रव्यासारखं लागलं.
क्लेचा गोळा मळला, ओल्या पत्र्यावरून सरकवत राहिलो.
गोळा काळा झाला.
पत्रा गप्प झाला.

दारांवर निळी अक्षरं होती:
शैलजा मोटार ड्रायव्हिंग स्कूल
फक्त महिलांसाठी
हेअर ड्रायरनं ऊब देऊन, दोऱ्यानं कापत सोडवली.
खाली मूळ लाल.
गाडीला स्वतःचा रंग
तेवढ्या अक्षरांपुरताच आठवत होता.

आई खुर्ची टाकून बसली
आणि चष्म्याशिवाय ओरखडे वाचायला लागली.
"हा मगदूमबाईंचा. वारणालीतलं फाटक.
ही शिकलगारांची शकीला, रिव्हर्स घेताना.
पुढं अ‍ॅम्ब्युलन्स चालवली तिनं.
आणि ही लांब रेघ कलावती कोष्टीची.
नवऱ्यानं भर शंभर फुटी रोडवर हाक मारली,
हिनं स्टेअरिंग सोडून मागं बघितलं."

मी प्रत्येकावरून नख फिरवत होतो.
नख घसरलं तर कंपाउंडनं जाईल,
अडकलं तर ते रंगाच्या खाली गेलंय.
कलावतीच्या रेघेत अडकलं.
"राहू दे," आई म्हणाली,
"पहिल्या फटक्यात पास झालेली ती."

फडकं लाल झालं तेव्हा मात्र मी घाबरलो.
रंग निघतोय!
"निघू दे. पीठ झालंय त्याचं, खाली आहे अजून.
हात हलका. क्लच सोडतोस तसा."
मला कुठला क्लच?
फक्त महिलांसाठी.
मी शिकलो कवठेमहांकाळला, मामाच्या टेम्पोवर,
आणि तिसरा गिअर अजून खडखडतो
हे ती पाहुण्यांनाही सांगते.

दुपारी सावली सरकली, गाडी ढकलून सावलीत घेतली.
बॉनेटच्या कडेला जरा जास्तच रेटलं,
चाराण्याएवढा करडा प्रायमर उघडा पडला.
आईनं नव्या डोळ्यानं तो नीट बघितला
आणि पेपर वाचायला घेतला.
शिकाऊ माणसावर ओरडायचं नसतं,
हा तिचा जुना नियम.
मला तो आज पहिल्यांदा लागू झाला.

शेवटी मेण. अगदी पातळ, गोल गोल.
हळूहळू बॉनेट धुरकटलं, मग पांढरं.
"वाळलं का बघतेस?
बोट ओढायचं. स्वच्छ निघालं तर वाळलं."
आई उठली, पदर खोचला,
बोट टेकवून वरून खाली सरळ ओढलं,
आणि थांबली नाही,
तिथूनच उजवीकडं वळवलं.

पांढऱ्यावर लाल.
इंग्रजी एल.

"वाळलंय," म्हणाली. "पूस आता."

मी मागच्या दारापासून सुरुवात केली.