खिळे

चरईतला छापखाना बंद झाला
तेव्हा चौबळांनी खिळे विकत घेतले, वजनावर,
अक्षर कुठलं हे न विचारता.
बापाने मोजून दिले साडेअकरा किलो.
वीस वर्षं त्याची बोटं त्यांना अंधारातही ओळखत.

"नुसतं शिसं मऊ," चौबळ मला सांगत,
"नळीच्या आट्यांना धरत नाही, पुसून बसतं.
यात कथील आहे, अँटिमनी आहे.
अक्षरांना मार खायचा असतो ना."

शेगडीवर कढई. मेणबत्तीचं बुडूख टाकलं
की भपका, मग वर काळपट साय,
ती पळीने काढायची.
मी बघत बसे कोण आधी जातं.
अनुस्वार लगेच. काने वाकत, आडवे होत.
मथळ्याचा एक जाडा ळ
बराच वेळ तग धरून होता.

साचा थंड, तर गोळीला सुरकुती. परत कढईत.
फार तापला, तर धुरकट. ती चालते.
मग सोनाराचा काटा,
गुंजभर हलकी ती बाजूला,
उरलेल्यांना येऊरच्या बाईने आणलेलं पोळ्याचं मेण.

वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईत:
एका वेळी एकच बदल.
दारू वाढवली, भोकं पांगली.
कमी केली, पांगली, शिवाय खाली.
गोळी पुंगळीत केसभर वर बसवली,
तीन जवळ आली, दोन रुसली.
सात रविवार असे. कळव्यापलीकडची खाण,
शंभर पावलं. कागद मी लावायचो.

शिकार तोवर कायद्याने बंद झालेली.
दिवाणखान्यातलं सांबर माळ्यावर गेलेलं.
"मग हे कशापायी?" बापाने एकदाच विचारलं.
चौबळ नळीतून आभाळ बघत होते.
"एका जागी बसत का नाही, ते कळावं म्हणून."

आठव्या रविवारी पाचही भोकं
एका रुपयाखाली झाकली.
चौबळ बोलले नाहीत. आधी वारा लिहिला.

बापाने कागद काढून उन्हाकडे धरला,
मागून, पुढून, प्रूफ बघावं तसा,
कडांवरून अंगठा फिरवला.
"उमटलंय," म्हणाला.
आणि थोड्या वेळाने,
"ओळ जरा डावीकडे गेलीय."