मोजदाद

नोव्हेंबरच्या नऊ तारखेला
एलेउतेरियो चुंपितासनं वहीत लिहिलं:
पेलिकन, मेलेले, तीन. वारा दक्षिणेचा.
उपासमार असेल, त्याला वाटलं.
मासळी खोल गेली की असं होतं,
हे बापानं सांगितलेलं, बापाला त्याच्या बापानं.
पेरूच्या या उघड्याबोडक्या बेटावर
पाखरांच्या विष्ठेची राखण करण्यात तीन पिढ्या गेल्या,
आणि लाज कुणालाच वाटली नाही.

दहाला एकोणीस.
बाराला त्यानं आकडे सोडून उभ्या रेघा मारल्या,
पाचवी आडवी.
माना मागे वळवून मरत होते,
जणू पाठीमागून कुणी नावानं हाक मारली.

वायरलेसवर साहेब म्हणाले, हात लावू नका,
उत्तरेकडून आलंय.
उत्तर म्हणजे कुठून?
उत्तर म्हणजे कॅनडातलं एखादं तळं,
त्याआधी आइसलँडचा किनारा,
त्याआधी कुठली तरी रानबदकं,
आणि त्याही आधी एक खुराडं,
ज्याच्या मालकानं मेलेल्या कोंबड्या
रातोरात पुरल्या की विकल्या
हे आता त्यालाही आठवत नसेल.

मग सीगलनं पेलिकन टोचला.
आणि तो सीगल, नुसता खेळ म्हणून,
समुद्रसिंहाच्या पिल्लानं तोंडात धरला.
एकाचं उष्टं दुसऱ्याच्या तोंडी.
वैर नव्हतं यात कुणाचं.

फेब्रुवारीत खडकांखाली माद्या थरथरू लागल्या.
वहीत समुद्रसिंहांसाठी रकानाच नव्हता.
त्यानं पट्टीनं आखला.
रात्री त्यांचा खोकला वर झोपडीपर्यंत यायचा,
अगदी माणसाचा वाटावा असा.
एकदा तो स्वतःच खोकला
आणि उजाडेपर्यंत बसून राहिला.
ते मात्र वहीत नाही.

मार्चमध्ये बोट आली.
बूट त्यानं धक्क्यावरच जाळले,
कपडेही,
आणि कुणाची तरी ढगळ पँट घालून
चिंचात लेकीच्या दाराशी गेला.
दाराशी म्हणजे रस्त्याच्या पलीकडे.
ये ना आत, योवाना म्हणाली, सूप तयार आहे.
तो जागचा हलला नाही.
किती आहेत कोंबड्या?
अकरा.
बघून सांग.
ती मागच्या अंगणात गेली, आली.
अकराच, बाबा.

मधून एक ट्रक गेला, धूळ बसली.

पुन्हा मोज, तो म्हणाला.