अवघड जागी

माकडहाड म्हटलं की ओजस खो खो हसायचा.
सोळाव्या वर्षी, जेवताना,
सांगून मोकळा झाला:
"आई, मागे गळू झालंय, बसता येत नाही."
आठवड्यात चिरा, जखमेत पट्टी.
वर्गानं त्याला रबरी चकती भेट दिली,
हवा भरायची, वर सगळ्यांच्या सह्या.
मैदानाच्या कडेला तो तिच्यावर बसायचा
राजासारखा, जरा एका बाजूला कलून.

शर्वाणीचं कळायला शाळेचं अख्खं सत्र गेलं.
डंडीच्या बसमध्ये ती उभी राहायची
जागा रिकामी असली तरी.
पोहणं सुटलं. पँट काळी, रोज काळीच.
पॅडची पाकिटं लवकर संपत होती
आणि मी शहाणी
लोहाच्या गोळ्या आणल्या, बीट किसलं,
खजूर भिजवले.
पॅड ती मागे सरकवून लावत होती.

कळलं ते धुण्यात.
डाग चुकीच्या जागी होता
आणि त्याला वास होता.

"दादाचं माहीत होतं ना तुला? मग?"

"दादाला केस असलेले चालतात, आई."
भिंतीकडे बघत, एवढंच.

माझ्या माहेरची म्हण:
अवघड जागचं दुखणं आन् जावई वैद्य.
इथे जावई नव्हता. डॉक्टरीणबाई होत्या.
त्यांनी कागदावर एक केस काढला,
कातडीत शिरणारा, काट्यासारखा.
म्हणाल्या, मुलगे जास्त येतात आमच्याकडे.
मुलींना होतं कधीकधी त्यांच्याहून लहान वयात,
पण त्या येतात तेव्हा फार दिवस झालेले असतात.
हातमोजा चढवताना
त्यांच्या मनगटावरचे काळे केस दिसले.
शर्वाणीनं ते पाहिले. मी तिला पाहताना पाहिलं.

आता रोज रात्री ती पालथी झोपते
आणि मी पट्टी बदलते.
तेरा वर्षांपूर्वी इथेच, याच पाठीखाली,
पावडर लावायचे मी.
ती उशीत तोंड खुपसून बोलते,
काही ऐकू येतं, काही उशीच पिते.

ओजस काही बोलला नाही.
नेलपॉलिश काढायचं पाणी माझ्या कपाटातून गेलं
आणि मंगळवारी तिच्या दाराशी
चकती होती, चपटी, घडी घातलेली,
सह्या पुसलेल्या.
एक कॅलम तेवढा अर्धा उरलेला.

तिनं ती आत नेली. दार लावलं.
मग बराच वेळ
फुंकल्याचा आवाज येत राहिला.