मॅट

तिबिलिसीच्या चढावर, तुतीखाली
ओतार गाड्या धुतो.
काळ्या चकचकीत गाडीवरचा ओरखडा
पॉलिशच्या फिरत्या चकतीखाली धरतो.
थोडी कातडी जाते, ओरखडाही जातो.
"चार-पाचदा माफ करते ही,
मग तिचीही कातडी संपते."

दारेजानची राखाडी, मॅट.
मुलगा पोलंडला जाताना ठेवून गेला.
टपावर पाखरांची जांभळी शिट,
परवापासूनची.

हिला घासायचं नाही.
घासलं तिथे चमक येते,
आणि हिच्या अंगावर
चमक म्हणजेच डाग.

ओला कपडा तो नुसता ठेवतो,
तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा,
आणि सिगरेट पेटवतो.

"निघेल ना?"
"उशीर केलात, बाई."
मग कपड्याचं एक टोक उचलून बघतो.
"थांबा अजून."

वरून टप्पकन
एक पिकली तुती.