मंगळवारचा वर्ग

लोकर कातरायची ही जुनी शेड.
फळ्यांना अजून मेंढ्यांचा तेलकट वास,
आणि त्यावर एकोणतीस वर्षांचा
उकडलेल्या काळजाचा.
नॉर्सवूडमधलं कुठलंही कुत्रं
दार उघडायच्या आधीच
इथे बसून दाखवतं.

आज शेवटचा वर्ग. सहा कुत्री, आठ माणसं,
एक बाळ ढकलगाडीत.
नेहमीचंच बोलले:
दोरी सैल सोडा. ओरडू नका.
चुकेल तेव्हा गप्प राहा,
जमेल त्या क्षणी टिक्,
मग तुकडा.
उशीर केलात तर भलत्याच गोष्टीचे पैसे मोजाल.

ऑस्विनचा हंटअवे तासभर भुंकला.
भुंकण्यासाठीच पैदास आहे याची, ऑस्विन म्हणाला,
रुआहिनेच्या उतारावरून मेंढ्या हाकायला.
म्हटलं, मग दोन भुंकण्यांमध्ये
जी फट आहे ना, ती पकड.
त्याने पकडली. अर्ध्या श्वासाएवढी.
टिक्.
कुत्रं असं बघत राहिलं, जणू
त्याचं गप्प बसणं
आजवर कुणी ऐकलंच नव्हतं.

कुणी विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही:
कपाटात, बिस्किटांच्या डब्यात,
एक साखळी आहे.
शेपूट नळीत घालायचे दिवस होते ते,
आणि माझी नळी लोखंडी कड्यांची.
चांगली होते मी त्यात. कप आहेत, फिती आहेत.
मनगटाचा एक झटका असतो,
तो शिकायला मला एक अख्खा हिवाळा लागला.
टेसला एक दुपार.

टेस माझ्या डाव्या गुडघ्याला
चिकटून चालायची,
परीक्षक वहीत खुणा करायचे.
घरी मात्र मी उठले की
ती खोली सोडायची.
अकरा वर्षं.
मी चुलीपाशी, ती व्हरांड्यात.
मी व्हरांड्यात, ती गाडीखाली.
शेवटी डॉक्टरच्या टेबलावर
कुरवाळायला हात पुढे केला,
तर तिने मान खाली घातली. सवयीने.
साखळी चढवायला सोपं जावं म्हणून.

त्यानंतरचे सगळे मंगळवार तिच्या नावावर.
फिटलं की नाही ते सांगायला ती नाही,
आणि व्याज कसं लावायचं
मला ठाऊक नाही.

खुर्च्या रचून झाल्यावर नायरीला किल्ली दिली.
पोरगी चांगली आहे. हात शांत आहेत तिचे.
डबा न्यायचा राहिला, नोलीन, ती म्हणाली.
डबा इथलाच, मी म्हटलं.
पण एकटीने उघडू नकोस, वर्गात उघड.
सगळ्यांच्या हातात दे. वजन कळू दे.
तिने तो कानाशी नेऊन हलवला.
बिस्किटांचा आवाज असा नसतो,
हे तिला कळलं. बोलली नाही काही.

घरी आर्विदने कप उचलून
चक्क सिंकमध्ये ठेवला,
आणि माझा हात आपसूक खिशात गेला.
चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात
त्याने हे बरोबर ओळखलं:
काळीज नको, तो म्हणाला, चीज असेल तर दे.
खूप हसलो.
मग कोट खुंटीवर अडकवला,
खिसे उलटे करून.
भुगा पडला जमिनीवर, तो तिथेच राहू दिला.

म्हातारी फर्न येऊन चाटून गेली.
ती आता बहिरी. टिक् तिच्यापर्यंत पोचत नाही,
म्हणून मी अंगठा दाखवते.
जगात बहुधा ती एकटीच असेल
अंगठा दाखवल्यावर खूश होणारी.

रात्री शेकोटीत लाकूड घालायला
मी उठले.
फर्नने डोळे उघडले नाहीत.
खोली सोडली नाही.
ऐकूच आलं नसेल म्हणा.
तरी मी उभी राहिले जराशी,
हातात लाकूड घेऊन,
पुन्हा बसायची घाई न करता.