सात नंबर

एकशे एकवीस अंश. वीस मिनिटं.
एवढ्यात मरायचं ते सगळं मरतं.
ऑटोक्लेव्हची चकती आवळताना
मी हे रोज मनात म्हणते,
दुकान उघडताना कुणी बिस्मिल्ला म्हणावं तसं.

मिरज. दवाखान्याचा तळमजला.
वर ऑपरेशनं, खाली वाफेत आम्ही,
ट्रे, कात्र्या, चिमटे,
आणि वेटोळं घालून बसलेले तापाचे प्रोब,
एक ते बारा. नऊ नाही.
नऊ कुणी हरवला ते अजून कुणी कबूल करत नाही.

कात्रीला वाफेचं काही वाटत नाही.
प्रोबला वाटतं.
त्याच्या टोकात मोहरीएवढा दाणा असतो,
त्याला जगातलं एकच कळतं : ऊब किती.
त्यालाच आपण नेतो उकळीच्या पलीकडं,
निववतो, परत नेतो,
आणि विचारतो, सांग बरं,
या पोराला ताप आहे का?

सात नंबर म्हणाला, सदतीस पॉइंट एक.
पोरगा म्हैसाळचा, अपेंडिक्सचा, नुकता बाहेर काढलेला.
एस्थर सिस्टरनं त्याच्या मानेखाली हात घातला,
स्क्रीनकडं बघितलं
आणि म्हणाली, खोटं बोलतोय हा.

चौगुले आले, मशीनवाले,
शर्टाच्या खिशात पाऱ्याचा जुना थर्मामीटर, पेनासारखा.
पातेल्यात कोमट पाणी.
दोघांना शेजारी शेजारी बुडवलं.
पारा चाळीस. सात नंबर एकोणचाळीस पॉइंट एक.
पाणी बदललं.
पारा अडतीस. सात नंबर सदतीस पॉइंट एक.
"इमानदार आहे हो," चौगुले म्हणाले,
"दर वेळी तेवढंच चुकतोय."

कितीदा शिजलाय हा?
रजिस्टर काढलं. रेघा माझ्याच हातच्या.
एकशे चौसष्ट.
कंपनीचा कागद म्हणतो शंभर.
कागद कपाटावर होता,
त्यावर दुधाच्या हिशेबाची वही.

सतारमेकर गल्लीत माझा दीर जवारी काढतो.
तार घासून घासून घोडीला खाच पडते, सूर बसतो.
तो कानस घेतो, डोळे मिटतो,
दुपारपर्यंत सतार परत खरं बोलायला लागते.
सात नंबरला
कानस कुठं लावायची?

रात्री चहाचा कप उचलला, पिऊन टाकला.
पोरगी ओरडली, अम्मी, वाफा निघतायत!
मला काही कळलं नव्हतं.
अठरा वर्षं गरम ट्रे,
अठरा वर्षं स्पिरिट, साबण, परत स्पिरिट.
हजेरीचं मशीनसुद्धा माझा अंगठा घेत नाही,
रोज सकाळी म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा.

सात नंबर फेकला नाही कुणी.
ड्रॉवरमध्ये आहे, चिकटपट्टी लावून :
वापरू नये.
रजिस्टरात आता लाल शाईचा एक रकाना आहे, कितवी खेप.
एस्थर सिस्टर नाताळानंतर घरी बसणार.

काल जेवणाच्या सुट्टीत कुणी नव्हतं.
पातेल्यात पाणी घेतलं, पारा ठेवला,
डोळे मिटून शेजारी माझा हात बुडवला.
म्हटलं, सदतीस.
डोळे उघडले. एक्केचाळीस.

पुन्हा केलं. पुन्हा चारच.

शेवटच्या पानावर, पेन्सिलीनं,
बारा नंबरच्या खाली
माझं नाव लिहिलं,
पुढं लिहिलं, चार मिळवा.